योग्य शब्द योग्य जागी

"दिवाळीची सुट्टी संपू द्या, मग बघा! सातवी ब मधला पोरगा न पोरगा इंग्रजी घडाघडा वाचतो की नाही! पुस्तकातलं तर वाचेलच, पुस्तकाबाहेरचंही वाचेल!"

बुद्धभूषण ओव्हाळ सरांनी शिक्षकांच्या खोलीत ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हातात अर्धी खारी होती आणि बोलण्याच्या भरात ती त्यांनी गणिताच्या ज्योतीराम सरांच्या चहात बुडवली.

"ओव्हाळ सर," आपल्या चहात तरंगणाऱ्या दुसऱ्याच्या खारीकडे बघत ज्योतीराम सर म्हणाले, "इंग्रजीचं सोडा. पोरं मराठी तरी कुठं वाचतात? परवा फळ्यावर 'दिलेल्या आकृतीवरून' असं लिहिलं, तर एकानं 'दिलेल्या आकुर्डीवरून' वाचलं!"

"कारण आकुर्डी त्यानं पाहिलेली आहे, सर! आकृती पाहिलेली नाही!" ओव्हाळ सर टेबलावर हात आपटत म्हणाले. "शब्द डोळ्यांसमोर पाहिजे. उठता-बसता दिसला पाहिजे. मी तेच तर म्हणतोय!"

सरांच्या अंगात हे वारं शिरलं होतं चिंचवडच्या प्रशिक्षणात. तीन दिवस त्यांनी इंग्रजी वाचनाची आणि शब्दसंपत्तीची साधनं कशी तयार करायची ते शिकून घेतलं होतं. वर्गात वाचनाचा कोपरा हवा, भिंतीवर शब्दांची भिंत हवी, आणि मुलांना शब्द पाठ करायला न लावता त्यांच्याशी खेळायला लावायचं. इतर शिक्षक तिसऱ्या दिवशी जेवणानंतर हळूच पसार झाले. ओव्हाळ सर मात्र पहिल्या रांगेत बसून शेवटचा चहा येईपर्यंत प्रश्न विचारत होते.

त्यांच्या या उत्साहामागे एक दुखणंही होतं. गेल्या वर्षी विस्तार अधिकारी दौलतराव साहेब तपासणीला आले होते. साहेबांचा आवाज असा, की माइकनं लाजून मान खाली घालावी! त्यांनी एका मुलासमोर पुस्तक धरलं आणि म्हणाले, "रीड!"

मुलगा म्हणाला, "रीड."

"अरे, हे रीड!"

"हे रीड."

साहेबांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. कुणी तोंडच उघडेना. वर्ग इतका गप्प, की वरच्या पंख्यालासुद्धा खडखड करायची चोरी झाली. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं! जाताना फक्त म्हणाले, "ओव्हाळ, पोरांनी तोंड तरी उघडायला हवं होतं हो." ते वाक्य चपलेत अडकलेल्या खड्यासारखं सरांना वर्षभर टोचत होतं.

शाळा रहाटणीतली, मराठी माध्यमाची. कुणाचे वडील चाकणला प्रेस मशीनवर, कुणाचे भोसरीला वेल्डिंगमध्ये, कुणाची आई सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला. घरी इंग्रजी शिकवायला कुणाला ना वेळ, ना बळ. त्यामुळे जे काही व्हायचं ते शाळेतच, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

मुख्याध्यापिका स्वरूपा मॅडम यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. मग जिन्याखालच्या मोडक्या बाकांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"ही घ्या खोली. बाक मागच्या बाजूला हलवा. डिसेंबरात साहेब येणार आहेत. त्यांना फरक दिसला तर तुमचा वाचनकोपरा कायमचा, नाही दिसला तर बाक परत आत. आणि ओव्हाळ सर..."

"हो, मॅडम?"

"खर्च मागू नका."

सर बाक हलवायला लागले. पाठीत उसण भरली, पण चेहऱ्यावर तेज होतं!

पहिला प्रयोग शब्दभिंतीचा. सरांनी घरी बसून रंगीत कागदांवर छान छान शब्द लिहिले, चित्रं काढली आणि भिंत भरून टाकली. दोन दिवसांत मुलांना त्या भिंतीची इतकी सवय झाली, की तिला टेकून ती डबा खायला लागली. 'ऑरेंज'वर लोणच्याचा डाग पडला. आता ते खरंच ऑरेंज दिसत होतं, एवढाच फायदा.

दुसरा प्रयोग पुस्तकांचा. सर शेजारच्या उंच उंच सोसायट्यांत फिरले. "घरात पडून असलेली इंग्रजी पुस्तकं द्या, मुलांना वाचायला पाहिजेत!" लोकांनी हात सैल सोडून दिलं. रविवारी सर रिक्षा भरून घेऊन आले आणि सोमवारी वर्गात पेटारा उघडला. आत काय? तीन वर्षांपूर्वीचं आयकराचं मार्गदर्शक, वजन कमी करण्याची चार पुस्तकं, वॉशिंग मशिनची माहितीपत्रकं आणि 'निवृत्तीनंतर काय?' सातवी ब चा सगळ्यात काटकुळा मुलगा प्रज्वल वजन कमी करायचं पुस्तक छातीशी धरून उभा राहिला. सरांना हसावं की रडावं कळेना. प्रज्वलला मात्र नेहमी रडावंच असं वाटायचं, त्यामुळे तो रडला.

तेव्हा सरांना साक्षात्कार झाला. "पोरांनो! उद्या घरातून काहीही आणा, पण त्यावर इंग्रजी छापलेलं असलं पाहिजे! आपण तेच वाचायचं!"

दुसऱ्या दिवशी वर्गाचं भंगारचं दुकान झालं! शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टणं, कुकरचा खोका. गणराजनं मिक्सरचं पत्रक आणलं होतं. त्यात 'मिक्सर चालू असताना झाकण उघडू नये' असं इंग्रजीत लिहिलेलं. गणराज ते अडखळत वाचून दाखवता दाखवता थांबला आणि ओरडला, "आयला! हे मम्मीला आधी कळलं असतं, तर दिवाळीत चटणी छताला गेली नसती!"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. सर थरारले! पोरगं इंग्रजी वाचून अर्थापर्यंत पोचलं होतं, अगदी छतापर्यंत!

आणि मग नेहा उभी राहिली.

नेहा ही दोन वेण्यांची, कमी बोलणारी मुलगी. तिचे वडील चाकणला खोक्यांवरचे स्टिकर छापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला. तिनं बाकाखालून एक पोतं ओढलं. मशीन जुळवताना जे वेडेवाकडे छापले जातात, कुणाची अक्षरं सरकलेली, कुणाचा रंग फाकलेला, असे फेकून द्यायचे स्टिकर त्यात गच्च भरले होते.

"पप्पांनी मालकाला विचारून आणलेत, सर."

सरांनी पोत्यात हात घातला. 'फ्रॅजाइल', 'धिस साइड अप', 'कीप ड्राय', 'डू नॉट स्टॅक', 'हँडल विथ केअर', 'ओके टेस्टेड', 'रिजेक्टेड', 'एक्स्पायर्ड', 'हॅझर्डस'. एकेक शब्द असा ठसठशीत, की चष्मा विसरलेल्या माणसालाही दिसावा! सरांना वाटलं, खजिना म्हणतात तो हाच!

त्याच तासाला त्यांनी खेळ तयार केला. प्रत्येकानं एक स्टिकर घ्यायचा. शब्द वाचायचा, स्पेलिंग पाठ करायचं, अर्थ शोधायचा आणि मग तो शब्द जिथं शोभेल तिथं नेऊन लावायचा. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: योग्य शब्द योग्य जागी.

इथंच घोटाळ्याचं बी पडलं. पण बी पडताना आवाज थोडाच होतो!

पहिला आठवडा सोन्याचा गेला. ज्या पोरांना शब्दकोश ही वस्तू फक्त बाकाची डुगडुग थांबवायला ठाऊक होती, ती मधल्या सुट्टीत शब्दकोशासाठी भांडायला लागली! 'डू नॉट स्टॅक' म्हणजे एकावर एक रचू नये. तो गेला चार जण कोंबून बसतात त्या शेवटच्या बाकावर. 'कीप ड्राय' गेला गळक्या नळाच्या वरच्या भिंतीवर. 'धिस साइड अप' गणराजनं स्वतःच्या कपाळावर लावला, कारण तो तासाला नेहमी डोकं बाकावर टेकून झोपायचा. आणि 'ओके टेस्टेड' नेहानं वर्गातल्या त्या एकमेव खुर्चीला लावला, जिचे चारही पाय जमिनीला टेकत होते.

फक्त प्रज्वलची पंचाईत झाली. त्याच्या वाट्याला 'हॅझर्डस' आला होता. रोज तो डोळ्यांत पाणी आणून सरांपुढं उभा राहायचा. "सर, धोकादायक काही सापडतच नाही!"

"शोध, बाळा, शोध! घाई करू नकोस. शब्दाला त्याची जागा मिळाली पाहिजे."

दुसऱ्या आठवड्यात शब्द वर्गाच्या बाहेर पडले. स्वरूपा मॅडमच्या दारावर 'हँडल विथ केअर' झळकला. मॅडमनी तो वाचला आणि ओव्हाळ सरांकडे चष्म्याच्या वरून बघितलं. ज्योतीराम सर फळ्याकडे तोंड करून उदाहरण सोडवत होते तेव्हा त्यांच्या तुळतुळीत टकलाकडे बघून कुणाला तरी 'फ्रॅजाइल' हा शब्द अतिशय योग्य वाटला. सर तो डोक्यावर घेऊन पार काळेवाडीपर्यंत स्कूटरवरून गेले! सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्यानं आपला टेम्पो दोन हात लांब घेतला आणि म्हणाला, "जाऊ द्या काका, आधी तुम्ही जा. सांभाळून!"

ज्योतीराम सरांना त्या दिवशी वाटलं, की शहरातली माणसं सुधारली. घरी आरशात पाहिल्यावर हा गैरसमज दूर झाला.

"ओव्हाळ!" दुसऱ्या दिवशी ते गरजले. "काढायला गेलो तर कातडं येतंय! काय डिंक आहे का सिमेंट?"

"एक्स्पोर्टच्या खोक्यांसाठी असतो, सर. समुद्रातून जातात ना खोके. पाण्यानंही निघत नाही म्हणे." ओव्हाळ सरांनी अपराधी चेहऱ्यानं सांगितलं, पण आवाजात थोडा अभिमान डोकावलाच.

तो अभिमान शनिवारी उतरला.

शनिवारी सरांचे वडील भीमराज चिंचवडला बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. आकुर्डीच्या कारखान्यात तीस वर्षं घाम गाळून निवृत्त झालेला माणूस. दरवर्षी नोव्हेंबरात इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्वतः जायचं, रांगेत उभं राहायचं आणि आपण जिवंत असल्याचं सांगून यायचं, हा त्यांचा नेम. निघण्याआधी ते घटकाभर लेकाच्या खुर्चीत टेकले. खुर्चीच्या पाठीवर लेकानं पुढच्या तासासाठी सोललेले स्टिकर चिकट बाजू वर करून ठेवले होते.

बसमध्ये मागची माणसं हसत होती. भीमराजांना वाटलं, तरुण पोरं आहेत, हसू द्या. बँकेत रांगेतली माणसं हसत होती. भीमराजांना वाटलं, आजकाल लोक मोबाईलमध्ये बघून हसतात. खिडकीपाशी त्यांचा नंबर आला. सही झाली, अंगठा झाला. खाली पडलेला चष्मा उचलायला ते वाकले आणि आतल्या बाईंना त्यांची पाठ दिसली. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आजोबा, दाखला घेतला मी. पण तुम्ही पुढून एक सांगताय आणि पाठीमागून दुसरंच!"

"काय दुसरं?"

"पाठीवर 'एक्स्पायर्ड' लिहिलंय!"

"म्हंजे काय, बाई?"

बाईंनी ओठ दाबून धरले. "म्हणजे... मुदत संपली."

रांगेतून हास्याचा असा लोट उठला, की पहारेकरी आत आला.

भीमराज घरी आले ते शर्ट हातात आणि बनियन अंगात अशा अवस्थेत. "भूषण! अरं, मी जिता हाय म्हणून सांगायला गेलो, अन् तू माझ्या पाठीवर काय लिवून पाठवलंस?"

"बाबा, चुकून..." सरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "माफ करा, बाबा. सोमवारी सगळं बंद करतो!"

भीमराज खुर्चीपाशी गेले, ती आधी नीट तपासली, मग बसले. थोड्या वेळानं त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. सरांना वाटलं, आता कान उपटणार! पण म्हातारा हसत होता.

"बंद कशापायी? मला एक शब्द आला की! एक्स्पायर्ड. येताना औषधाच्या दुकानात एका खोक्यावर वाचला."

सरांचा ऊर भरून आला. पण शाळेत ऊर भरून यायला वाव नव्हता. सोमवारी दारातच स्वरूपा मॅडम उभ्या होत्या.

"ओव्हाळ सर, साहेब उद्याच येतायत. आत्ताच फोन आला. शाळेवर एकही स्टिकर दिसता कामा नये! मुख्याध्यापिकेच्या दारावर 'हँडल विथ केअर' वाचून साहेब काय म्हणतील?"

मग सुरू झाली मोहीम! पट्टीनं खरवडून झालं, खोबरेल तेल लावून झालं, वाफ देऊन झाली. स्टिकर ढिम्म हलेना. शेवटी ज्योतीराम सर घरून डबाभर थिनर घेऊन आले. स्कूटरला रंग देण्यासाठी आणलेला. स्वतःच्या टकलाचा सूड म्हणून ते अशा त्वेषानं भिंती पुसू लागले, की स्टिकरबरोबर दोन ठिकाणी रंगही आला. संध्याकाळपर्यंत शाळा लख्ख झाली. फक्त वास सुटला होता. असा वास, की जिन्यात उभं राहिलं तर डोळ्यांतून पाणी यावं.

"सकाळपर्यंत जाईल," ज्योतीराम सर म्हणाले.

सकाळपर्यंत वास गेला नाही. उलट तो खोल्याखोल्यांत मुक्कामाला राहिला.

दौलतराव साहेब अकराला आले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांचं नाक वर गेलं. "हा कसला वास हो, मॅडम?"

"साफसफाई केली, साहेब."

"साफसफाईचा असा वास?" साहेब नाकाला रुमाल लावून पुढं निघाले. वर्गांकडे जायच्या ऐवजी ते वासापासून लांब, मोकळ्या बाजूला वळले. तिकडं होती खिचडीची शेड. अंबूबाई मुलांसाठी खिचडी शिजवून पातेलं झाकून उभ्या होत्या. रहाटणीच्या जुन्या गावातल्या अंबूबाई, वीस-एक वर्षं पोरांना खाऊ घालणाऱ्या.

साहेबांनी पातेल्याकडे पाहिलं. झाकणाच्या बरोब्बर मध्ये, लाल रंगात, ताजा, चकचकीत स्टिकर: 'हॅझर्डस'!

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. नाकात तो वास, डोळ्यांपुढं तो शब्द! त्यांनी एका क्षणात हिशेब जुळवला आणि आपला तो प्रसिद्ध आवाज लावला.

"मुलांना बाहेर काढा! सगळ्यांना मैदानात! कुणीही खिचडीला हात लावायचा नाही!"

घंटा वाजली. वाजवणाऱ्यानं घाबरून ती वाजवतच ठेवली. सगळे वर्ग मैदानात धावले, आणि अर्थातच अत्यंत आनंदानं! ओव्हाळ सर धावत आले आणि त्यांनी झाकण पाहिलं. गेली खोली! गेला कोपरा! बहुतेक नोकरीही गेली!

"साहेब, एक मिनिट, तो स्टिकर..."

"ओव्हाळ, लांब व्हा! श्वास रोखून धरा!"

साहेबांचा आवाज इतका, की ओव्हाळ सरांनी खरंच श्वास रोखून धरला. त्यामुळे त्यांना पुढचं काहीच सांगता येईना.

तोवर फाटकाबाहेरच्या कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, 'शाळेत कसला तरी वास येतोय.' तो निरोप काळेवाडीत पोचला तेव्हा 'गॅस गळती' झाला होता. पिंपरीत पोचेपर्यंत टँकर उलटला होता. पाहता पाहता फाटकात दुचाक्यांची रांग लागली. पहिली शिफ्ट अर्धी टाकून आलेले बाप, हेल्मेट घातलेले, हातमोजे घातलेले. एक जण तर वेल्डिंगची काच तोंडावर तशीच ठेवून आला होता आणि स्वतःच्याच पोराला ओळखू येत नव्हता!

आणि मग भोंगा वाजवत अग्निशमनची लाल गाडी आली.

गाडी मैदानाच्या कडेला थांबली. तेवढ्यात सातवी ब च्या रांगेतून गणराजचा आवाज आला. "फायर!"

"रेस्क्यू!" दुसरा ओरडला.

"इमर्जन्सी!"

"कीप डिस्टन्स! म्हणजे अंतर ठेवा!"

"वॉटर कपॅसिटी! सर, कपॅसिटी म्हणजे किती मावतं ते!" नेहा ओरडली. हो, कमी बोलणारी नेहा! आणि मग काय, सगळा वर्गच सुटला. गाडीवर पुढं, मागं, दारावर, नळीवर, चाकाच्या वर जे जे म्हणून इंग्रजी लिहिलेलं होतं, ते चाळीस पोरं एकमेकांच्या वर आवाज चढवून वाचत होती. जवानांपैकी एक जण बावरून आपल्या अंगरख्यावर काय लिहिलंय ते बघायला लागला.

दौलतराव साहेबांनी नाकावरचा रुमाल काढला. "ओव्हाळ, ही कुठली इयत्ता?"

सरांनी अखेर श्वास सोडला. "सा... सातवी ब, साहेब."

"गेल्या वर्षी जी तोंड उघडत नव्हती, ती?"

"तेव्हा सहावीत होती, साहेब... म्हणजे, होय, हीच ती!"

साहेब काही बोलणार, इतक्यात शेडमधून अंबूबाईंचा आवाज आला. "कोन म्हनतं माज्या खिचडीत इख हाय?" त्यांनी झाकण काढलं, डावभर खिचडी ताटलीत घेतली आणि सगळ्यांच्या देखत घास तोंडात घातला. "बगा! खाल्ली! मेले तर लिवून घ्या! न्हाई मेले तर त्यो लाल कागुद लावनारा माज्यापुढं उबा करा!"

अंबूबाई मेल्या नाहीत. त्यांनी दुसरा घास घेतला. तेव्हा रांगेतून हुंदका ऐकू आला, आणि प्रज्वल दोन्ही हातांनी डोळे चोळत पुढं आला.

"मी लावला, साहेब! आज सकाळीच जागा सापडली."

"जागा? कसली जागा?"

"हॅझर्डस म्हणजे धोकादायक. सर म्हणाले, योग्य शब्द योग्य जागी. अंबूमावशीची खिचडी लई गरम असते, साहेब! परवा माझी जीभ भाजली. पहिलीची बारकी पोरं तर लगेच घास घालतात. त्यांना धोका आहे ना!"

साहेबांनी डोळे बारीक केले. "स्पेलिंग येतं का त्याचं?"

"एच, ए, झेड, ए, आर, डी, ओ, यू, एस!" प्रज्वलनं रडत रडत, पण एका दमात सांगितलं.

साहेबांनी हळूच झाकणावर नजर टाकून ताळा केला. बरोबर होतं.

"आणि फ्रॅजाइल म्हणजे?"

"काच, अंडी," गणराज मागून ओरडला, "आणि आमचा प्रज्वल!"

साहेबांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग ते त्यांच्या त्या आवाजात असे हसले, की वडाच्या झाडावरचे कावळे उठले. हेल्मेटवाले बाप हसले, जवान हसले, स्वरूपा मॅडमनी पदर तोंडाला लावला. वासाचा उलगडा ज्योतीराम सरांनी रिकामा डबा दाखवून केला. अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांना खोल्या उघड्या ठेवायला सांगितल्या, थिनरबद्दल ज्योतीराम सरांना दोन शब्द सुनावले आणि दोघा जवानांनी गाडी पोरांना आतून दाखवली.

मग दौलतराव साहेबांनी ताटली मागितली. "आण ग माउली, बघू तुझी खिचडी." त्यांनी भला मोठा घास घेतला. डोळे विस्फारले. तोंडासमोर हात हलवत ते कसंबसं म्हणाले, "पोरगं... बरोबर... बोलतंय!"

जाताना साहेबांनी पुस्तकं पाठवायचा शब्द दिला होता, तो त्यांनी पंधरा दिवसांनी पाळला. शाळेत दोन खोकी आली. आत खरीखुरी, नवीकोरी, चित्रांची इंग्रजी पुस्तकं! वाचनकोपरा कायमचा झाला. काचेचं कपाट आलं. ओव्हाळ सरांनी पुस्तकं स्वतःच्या हातांनी लावली, रंगांप्रमाणे, उंचीप्रमाणे. मग स्वरूपा मॅडमनी कपाटाला कुलूप लावलं.

"मॅडम, पुस्तकं मुलांसाठी..."

"मुलांसाठीच आहेत, सर. पण नवी आहेत. खराब होतील. बाहेरून बघू देत. आणि एक सूचना लिहून लावा, 'परवानगीशिवाय हात लावू नये.' इंग्रजीत लिहा, तुमचाच विषय आहे."

सर हिरमुसले. पण मॅडमपुढं काय बोलणार? खोली दिली होती त्यांनी. तास सुरू होत होता. सरांनी घाईघाईत जाड पेनानं सूचना लिहिली, काचेवर चिकटवली आणि आठवीवर निघून गेले.

मधल्या सुट्टीत परत येतात तर कपाटापुढं ही गर्दी! मुलं काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठी वाचत असतील, असं सरांना वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं, पोरं सूचना वाचत होती. स्वरूपा मॅडमही तिथंच उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

"मॅडम," नेहा म्हणत होती, "हे चुकलंय. परमिशनमध्ये दोन एस पाहिजेत. इथं एकच आहे."

"खात्री आहे तुझी?"

"हो. 'डू नॉट ओपन विदाउट परमिशन' असा स्टिकर होता आमच्याकडं. तो पण वेडावाकडा छापलेला होता, पण त्यात सुद्धा दोनच होते!"

"कुणी लिहिलंय हे?" गणराज तावातावानं विचारत होता. "सरांना सांगायला पाहिजे! सर त्याला फोडून काढतील!"

मॅडमनी मान वळवून ओव्हाळ सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. छतावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

"ओव्हाळ सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ज्या मुलांना काचेबाहेरून एवढं दिसतं, त्यांच्यापुढं कपाट बंद ठेवून उपयोग नाही." त्यांनी कमरेची किल्ली काढली. सरांनी हात पुढं केला. किल्ली त्यांच्या हातावरून पुढं गेली आणि नेहाच्या हातात पडली. "आजपासून पुस्तकं तू द्यायची आणि तूच परत घ्यायची."

कपाट उघडलं आणि पोरं अशी तुटून पडली, की ओव्हाळ सर तीन पावलं मागं ढकलले गेले. पण त्यांना फार बरं वाटत होतं! वर्षभर टोचणारा तो खडा कधी निघून पडला, त्यांना कळलंही नव्हतं. एका पायावर उभं राहून ते त्या गोंधळाकडे डोळे भरून बघत होते, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नेहा त्यांच्यासमोर आली. तिच्या हातात कपाटातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक होतं.

"हे तुमच्यासाठी, सर. डिक्शनरी," ती अत्यंत आदरानं म्हणाली. "आठ दिवसांत परत करा हं."